एकच गिऱ्हाईक आणि असंख्य खाड्या: पेंबाच्या लवंगेचे प्रकरण

केनियात लवंगेची लागवड नाममात्र आहे. तरीही मोंबासा बंदरातून वर्षानुवर्षे लवंगेची पोती परदेशी रवाना होत राहिली. हा माल येतो कुठून, हे त्या किनाऱ्यावर सगळ्यांनाच ठाऊक होते. तो येत होता समुद्रापलीकडच्या पेंबा बेटावरून, रात्रीच्या होड्यांतून. पेंबाच्या शेतकऱ्याला कायद्याने आपली लवंग एकाच गिऱ्हाइकाला विकता येत होती, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे झांझिबारचे सरकारी व्यापार महामंडळ.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा तस्करी, पोलीस, गस्ती नौका अशा अंगाने होते. मला ते मुळात भावाचे प्रकरण वाटते. बेटावरच्या शेतमालाबद्दल आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की चारी बाजूंनी पाणी, बंदर एक-दोन, म्हणजे जो बंदर धरून बसेल त्याच्याच हाती सगळा माल येणार. पेंबाच्या लवंगेने ही समजूत खोटी ठरवली, तीही चांगली चार-पाच दशके.

झाड, कळी आणि उन्हाचे दिवस

झांझिबार हा टांझानियाचा स्वायत्त भाग. उंगुजा आणि पेंबा ही त्यातली दोन मोठी बेटे. लवंग मूळची इंडोनेशियातल्या मालुकू बेटांची. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला ती इथे आली, ओमानी सुलतान सय्यद सईद यांच्या राजवटीत तिचे मळे पसरले, आणि हे मळे उभे राहिले ते गुलामांच्या कष्टावर. 1872 च्या चक्रीवादळाने उंगुजावरची बहुतेक झाडे आडवी केली. पेंबा बऱ्याच अंशी बचावले. तेव्हापासून झांझिबारची लवंग म्हणजे मुख्यतः पेंबाची लवंग. त्या शतकाच्या अखेरीस जगाच्या बाजारातली बहुतांश लवंग या दोन बेटांची होती.

लवंगेच्या व्यापाराचे सारे गणित तिच्या झाडात आहे. रोप लावल्यावर पहिले पीक हाती यायला 6 ते 8 वर्षे जातात, भरात यायला 15 ते 20. नंतर मात्र झाड पिढ्यान्‌पिढ्या देत राहते. दरवर्षी सारखे देत नाही. एखाद्या वर्षी फांद्या वाकतील इतक्या कळ्या, मग एक-दोन वर्षे जेमतेम. शेतकऱ्याचे उत्पन्न, महामंडळाचे अंदाजपत्रक, बंदरातली आवक हे सगळेच त्यामुळे वर-खाली होत राहते.

काढणीत घाई आणि संयम दोन्ही लागतात. कळी फुगून गुलाबी झाली की लगेच, फूल उमलण्याआधी, ती खुडायची. उमललेल्या फुलाला बाजार नाही. एकाच झाडावरच्या कळ्याही एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढावे लागते. झाड 10-15 मीटर उंच, फांद्या ठिसूळ. तोडणारे दोराने फांद्या आपल्याकडे ओढून घेतात, घोस तोडून टोपलीत टाकतात. पडून हातपाय मोडल्याच्या घटना नेहमीच्या आहेत. मजुरी मोजली जाते ओल्या कळ्यांच्या मापावर. त्या मापाला तिथे पिशी म्हणतात आणि ते वजनाचे नसून आकारमानाचे जुने माप आहे.

संध्याकाळी घरातली बायका-मुले घोसांभोवती बसतात, तळव्यावर घोस घासून कळ्या वेगळ्या करतात, देठ बाजूला टाकतात. देठही वाया जात नाहीत. पेंबात तेल काढण्याचा सरकारी कारखाना आहे, तिथे ते जातात. कळ्या चटयांवर पसरून 4-5 दिवस कडक उन्हात वाळवायच्या, अधूनमधून हलवायच्या, ढग दिसले की धावत जाऊन गोळा करायच्या. सुमारे 3 किलो ओल्या कळ्यांची 1 किलो सुकी लवंग होते. ओल्या कळ्यांचा ढीग रात्रभर तसाच राहिला, किंवा वाळत घातलेल्या मालावर पाऊस पडला, तर आतून आंबते. अशी लवंग फिकट, सुरकुतलेली दिसते, तेल कमी देते, आणि काट्यावर तिची प्रत खाली जाते. चांगली लवंग गडद तपकिरी, डोके शाबूत, आणि नखाने दाबली तर तेल सुटणारी.

हे सगळे होईपर्यंत शेतकऱ्याच्या खिशातून पैसा गेलेला असतो. तोडणीची मजुरी रोज संध्याकाळी रोख द्यावी लागते, आणि लवंगेच्या एकूण खर्चात तिचाच वाटा मोठा. म्हणजे हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: आगाऊ उचल आणि हातोहात पैसे देणारे गिऱ्हाईक. या दोन गरजा जो भागवेल, माल त्याचा. पुढे घडलेले सगळे याच दोन गरजांभोवती फिरते.

1937 ची लढाई

मक्तेदारीची कल्पना स्वतंत्र झांझिबारची नाही, ब्रिटिशांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लवंगेचा व्यापार बव्हंशी तिथे स्थायिक झालेल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या हाती होता. हंगामाआधी तेच उचल देत, तारण म्हणून मळा किंवा येणारे पीक लिहून घेत आणि निर्यातही तेच करत. भाव पडला की कर्ज फुगत जाई आणि मळा सावकाराकडे गहाण पडून राही. 1934 मध्ये वसाहती सरकारने कायदे केले. मळ्यांचे हस्तांतर रोखले आणि लवंग उत्पादक संघाला मोठे अधिकार दिले. 1937 मध्ये तर निर्यातीची सूत्रेच या संघाकडे सोपवली.

शेतकऱ्याला सावकारापासून सोडवणे हा सांगितलेला हेतू. भारतीय व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा त्यांना धंद्यातून उठवण्याचा डाव होता. त्यांनी लवंग घेणेच बंद केले. भारत तेव्हा झांझिबारच्या लवंगेच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक होता. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने बहिष्काराला पाठिंबा दिला आणि मुंबईच्या बाजारात झांझिबारची लवंग उचलली जाईनाशी झाली. मे 1938 मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. व्यापारी पुन्हा निर्यात करू लागले, मात्र मालाचा ठरावीक हिस्सा त्यांनी संघाकडून घ्यायचा असे ठरले.

या झगड्यात दोन्ही बाजूंचे दावे मी वाचतो तेव्हा मला शेतकऱ्याचा आवाज कुठेच सापडत नाही. व्यापारी त्याच्या नावाने बोलत होते, सरकारही त्याच्याच नावाने. उत्पादक संघाकडे माल गेला तर उचल कोण देणार, आणि व्यापाऱ्याकडे गेला तर मळा कसा सुटणार, हा त्याचा साधा प्रश्न तसाच राहिला. बहिष्काराने सिद्ध केले ते इतकेच की निर्यातीची मक्तेदारी खरेदीदाराच्या बाजारात उलटू शकते. मालाच्या बाजूने ती कशी उलटते, हे पुढच्या पिढीने पाहिले.

महामंडळ आणि होडी

जानेवारी 1964 मध्ये क्रांती झाली, सुलतानाची सत्ता गेली, एप्रिलमध्ये झांझिबार आणि मुख्य भूमीवरचा टांगानिका हा देश एकत्र आले. मोठे मळे सरकारने ताब्यात घेतले आणि 3-3 एकरांचे तुकडे करून भूमिहीनांना वाटले. 1968 मध्ये सरकारी व्यापार महामंडळ स्थापन झाले आणि लवंगेचा एकमेव खरेदीदार बनले. परकीय चलन मिळवण्याचे बेटांचे मुख्य साधन तेव्हा लवंग हेच होते. शेतकऱ्याला द्यायचा भाव आणि जगात मिळणारा भाव यातल्या फरकातून शाळा, दवाखाने, सरकारी घरे उभी राहिली हे नाकारता येत नाही. पण हा फरक इतका रुंद झाला की पिकवणाऱ्याच्या हाती जागतिक भावाचा अगदी लहान तुकडा उरला.

आता पेंबाचा नकाशा समोर आणा. जेमतेम 1,000 चौरस किलोमीटरचे बेट, पण किनारा दातेरी. ठिकठिकाणी आत शिरलेल्या खाड्या, खारफुटीचे दाट पट्टे, त्यात लपणारी छोटी धक्क्याची गावे. मुख्य भूमी सुमारे 50 किलोमीटरवर. वारा अनुकूल असला तर शिडाची होडी एका रात्रीत पलीकडे. सरकारने नजर ठेवायची ती म्कोआनी आणि वेतेच्या बंदरावर. माल निघायचा खाड्यांतून.

होडी परत येताना रिकामी येत नसे, हे फार महत्त्वाचे आहे. 1970 च्या दशकात बेटावर धान्य, कापड, साबण यांची टंचाई होती. महामंडळ लवंगेचे पैसे देई, पण त्या पैशांत दुकानात मिळण्यासारखे फारसे काही नसे. पलीकडचा व्यापारी केनियाचे शिलिंग देई किंवा थेट वस्तू. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन भावांतला फरक कागदावर दिसे त्याहून कितीतरी मोठा होता. सरकारने शिक्षा वाढवत नेल्या, एका टप्प्यावर लवंगेच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत तरतूद होती. तरीही होड्या थांबल्या नाहीत.

त्यात जगाचा बाजारच पालटला. जगातली सर्वाधिक लवंग खाल्ली जात नाही, ओढली जाते. इंडोनेशियाच्या क्रेटेक सिगारेटींत तंबाखूबरोबर लवंग घालतात आणि कित्येक वर्षे इंडोनेशिया त्यासाठी झांझिबार आणि मादागास्करकडून माल मागवत असे. त्या देशाने 1970 च्या दशकात स्वतःची लागवड जोमाने वाढवली आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो स्वयंपूर्ण झाला. दशकाच्या सुरुवातीला टनामागे सुमारे 9,000 डॉलरपर्यंत गेलेला भाव 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजार डॉलरच्या खाली आला. ज्याच्या भरवशावर बेटांचा सगळा व्यापार उभा होता, ते सर्वांत मोठे गिऱ्हाईकच गेले.

(इंडोनेशियानेही त्याच दशकात मक्तेदारी करून पाहिली. 1991 पासून राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या मुलाकडे असलेल्या संस्थेला लवंगेच्या खरेदीचा एकाधिकार मिळाला. शेतकऱ्यांनी झाडांकडे पाठ फिरवली आणि 1998 मध्ये नाणेनिधीच्या अटींखाली ती व्यवस्था गुंडाळावी लागली.)

पेंबात काय झाले? पडक्या भावातला लहान वाटा म्हणजे तोडणीची मजुरीही सुटेना. कळ्या झाडावरच उमलू लागल्या. जुनी झाडे मेली तिथे कुणी रोप लावले नाही, काहींनी कसावा आणि केळी लावली. 7 वर्षांनी पीक देणारे झाड लावायचे तर 7 वर्षांनंतरच्या भावावर विश्वास हवा. तो कुणालाच नव्हता. उत्पादन घटण्यात झाडांवरच्या रोगांचाही हात आहे, पण न लावलेल्या रोपांचा वाटा मला जास्त मोठा वाटतो, कारण तो एका वर्षात दिसत नाही आणि एका वर्षात भरूनही येत नाही.

शंभराचा हिशेब

तस्करी का चालते आणि केव्हा थांबते, हे एका कल्पित हिशेबाने नीट कळते. समजा बंदरावर लवंगेचा भाव 100 आहे. महामंडळ शेतकऱ्याला 40 देते. होडीवाला 55 देऊ करतो. होडी, वाटेतली चिरीमिरी, माल पकडला जाण्याची जोखीम यांचे 15 धरा, मोंबासाच्या व्यापाऱ्याचे 20. एकूण 90. तरीही 10 उरतात. असा धंदा कुठलाही कायदा थांबवू शकत नाही, कारण त्यात सहभागी प्रत्येकाला फायदा आहे.

आता महामंडळाने 80 द्यायचे ठरवले. होडीवाल्याला शेतकरी वळवायचा तर 81-82 तरी द्यावे लागतील. वरचे 35 मिळवले की 116 होतात. होडी आपोआप किनाऱ्याला लागते, गस्त घालायची गरज उरत नाही.

पण समजा शेतकऱ्याचा भाव 80 ला बांधून ठेवला आणि जगात 100 चे 130 झाले. शेतकऱ्याचा वाटा आता 61-62 टक्के. होडीला पुन्हा जागा झाली. उलट जगात 70 झाले तर महामंडळ प्रत्येक किलोमागे 10 गमावते, शिवाय गोदाम, वाहतूक, पगार वेगळे. म्हणून टक्केवारीचे वचन आणि बांधलेला भाव यांतला फरक कधीही नजरेआड होऊ देता कामा नये. शेतकऱ्याला दोन्ही हवे असतात, मोठा वाटा आणि स्थिर भाव. पण एकाच वेळी दोन्ही देणाऱ्याला तेजीच्या वर्षांत साठवलेला निधी लागतो. तो नसेल तर एक ना एक वचन मोडते.

2011 नंतर

2011 मध्ये झांझिबार सरकारने निर्यात भावाच्या 80 टक्के शेतकऱ्याला देण्याचे धोरण स्वीकारले. जागतिक भावही तेव्हा चढा होता. खरेदी केंद्रांवरचा भाव एकदम कितीतरी पटींनी वाढला आणि त्या हंगामात महामंडळाकडची आवकही वाढली. पुढच्या काही वर्षांत पहिल्या प्रतीच्या लवंगेला किलोमागे 14,000 टांझानियन शिलिंग असा भाव राहिला. हंगामाआधी बिनव्याजी उचल, मोफत रोपे, झाडावरून पडलेल्या तोडणाऱ्यांना मदत अशा गोष्टीही व्यवस्थेत आल्या. 1937 मध्ये व्यापारी देत होता ती उचल, अखेर तिची जागा घेणारे काहीतरी आले. मला या सुधारणेचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. भावाची घोषणा वर्तमानपत्रात येते. तोडणीच्या पहिल्या संध्याकाळी मजुरांना द्यायला पैसे असणे, यावर माल कुणाकडे जाईल ते ठरते.

सैनिक, पोलीस, गावसमित्या यांची गस्तही त्याच काळात वाढली. श्रेय कुणाला किती, यावर वाद घालता येईल. पण गस्त 1970 च्या दशकातही होती, शिक्षा तेव्हा अधिक भयानक होती आणि तरी माल जात होता. बदलला तो भाव.

तस्करी थांबल्याचा आणखी एक लाभ आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. रात्रीच्या होडीत चढणारा माल घाईचा असतो, अर्धवट वाळलेला, देठासकट, प्रत न लावलेला. मोंबासाला तो इतर ठिकाणच्या मालात मिसळतो आणि पेंबाचे नाव तिथेच संपते. केंद्रावर आलेला माल ओलावा तपासून, प्रत लावून, वेगळ्या पोत्यांत भरला जातो. भारत, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरातीतल्या घाऊक व्यापाऱ्याला एकसारखा माल हवा असतो. झांझिबारच्या लवंगेचा स्वतंत्र ब्रँड बांधण्याचे प्रयत्न झाले आहेत, त्यांना आधार आहे तो याच केंद्रांवरच्या शिस्तीचा. मात्र ब्रँडचा पैसा किरकोळ बाटलीत असतो, पोत्यात नसतो, आणि आजही बहुतांश माल पोत्यानेच जातो.

शेजारचे पीक

मक्तेदारी वाईट आणि खुला व्यापार चांगला, असा सोपा निष्कर्ष काढण्याआधी त्याच बेटांवरची समुद्रशेवाळाची शेती पाहावी. 1989 च्या सुमारास, लवंगेचा भाव कोसळत असताना, ती व्यापारी पातळीवर सुरू झाली. उंगुजाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानीसारख्या गावांत ओहोटीच्या वेळी बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दोरीला शेवाळाचे तुकडे बांधतात, काही आठवड्यांनी कापतात, वाळवतात. इथे सरकारी मक्तेदारी नाही. खाजगी निर्यातदार आहेत. दोऱ्या आणि खुंट्या निर्यातदाराच्या, म्हणून माल त्यालाच द्यायचा. गावात दुसरा खरेदीदार क्वचितच. भाव वर्षानुवर्षे किरकोळ राहिला आणि शेवाळाची होडी भरून चोरून नेण्यात कुणालाच रस नाही, कारण हलके आणि स्वस्त शेवाळ तो खर्च पेलू शकत नाही.

कागदावर मक्तेदारी होती लवंगेत. प्रत्यक्षात एकच गिऱ्हाईक आहे शेवाळात. लवंगेच्या शेतकऱ्याला खाडीत उभे असलेले दुसरे, बेकायदा का होईना, गिऱ्हाईक होते, आणि त्याच्या धाकानेच अखेर सरकारला 80 टक्क्यांपर्यंत यावे लागले, असे मला वाटते. पाण्यात उभ्या असलेल्या बाईला तो धाक घालता येत नाही.

लवंगेपुरते बोलायचे तर आता दोन कामे उरतात. एक, भावाचे सूत्र उघड करणे: बंदरावरचा निर्यात भाव काय, त्याचे 80 टक्के किती, आजचा खरेदी भाव किती, हे तिन्ही आकडे प्रत्येक केंद्राच्या फळ्यावर हंगामभर लिहिलेले असावेत, आणि तेजीत राखलेल्या निधीत किती शिल्लक आहे तेही. दुसरे, झाडांचे वय. 2011 नंतर वाटलेली रोपे आता कुठे भरात येऊ लागली आहेत. मधल्या दशकांत जी लावलीच गेली नाहीत त्यांची जागा ती इतक्यात भरून काढणार नाहीत. मोफत रोप घेऊन शेतकरी ते घराजवळ लावतो की दूरच्या पडीक तुकड्यावर टाकून देतो, हे पाहिले की पुढच्या 20 वर्षांच्या भावावर त्याचा किती भरवसा आहे ते कुठल्याही अहवालाआधी कळते.